मागे बसणारा

मैफलीला तो सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो. गायिका आत पदर सारखा करत असते, तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकत असतो, पेटीवाले भाता हलवून बघत असतात, तेव्हा हा केव्हाच गवसणीतून बाहेर पडून सतरंजीवर आडवा झालेला असतो आणि कुणीतरी त्याच्या खुंट्या पिळत असतं. निमंत्रणपत्रिकेवर तबल्याच्या साथीचं नाव असतं, संवादिनीचं असतं, निवेदन करणाऱ्यांचंही असतं. तंबोऱ्याचं नसतं. तरी पडदा उघडल्यावर सभागृहात पहिला आवाज त्याचा उमटतो. शेवटची भैरवी संपून टाळ्या पडू लागतात, त्यांच्या खालीही दोन-तीन आवर्तनं तो चालूच राहतो, कारण मागे बसलेल्या शिष्येचा हात एकदम थांबत नाही.

ती मागे बसलेली शिष्या बरीच वर्षं मी होते. त्यामुळे हे जे लिहिते आहे ते समोर बसून ऐकलेलं थोडं, आणि दांडी खांद्याशी धरून ऐकलेलं जास्त आहे.

त्याचं रूप साधं. मर्दानी तंबोरा साडेचार-पाच फूट उंच भरतो, बायकांचा त्याहून बेताचा. खाली भलामोठा भोपळा, त्यावर लाकडी तबली, वर सरळसोट पोकळ दांडी आणि डोक्याशी चार खुंट्या. सतारीला पडदे असतात, सारंगीला तरफेच्या तारा असतात. याला चार तारा आणि एक पोकळी, एवढंच. याच्यावर सुरावट वाजवता येत नाही. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, पुन्हा पंचम, पुन्हा जोडी, पुन्हा खर्ज. मालकंस गायचा असेल तर पंचमाच्या जागी मध्यम येतो, मारवा किंवा पूरिया असेल तर निषाद लावतात. त्याच्या आयुष्यातला बदल तो इतकाच.

आणि गाण्याच्या घरात मान कुणाला, तर यालाच. माझ्या गुरू, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, त्यांच्या घरी पेटी ओलांडली तर ओरडा बसायचा. तंबोऱ्याला पाय लागला तर ओरडा नाही. बाई हातातलं काम थांबवून आपल्याकडे बघत राहायच्या, आपण वाकून नमस्कार करेपर्यंत.

बाईंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वर्षांची होते. सांगलीच्या गावभागात त्यांचं जुनं दुमजली घर होतं, माडीवर गाण्याची खोली. आता आपल्याला ‘सा’ लावायला सांगतील म्हणून मी मांडी घालून, पाठ ताठ करून तयारीत बसले होते. त्यांनी तंबोरा माझ्यासमोर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, “भोपळ्याला कान लाव.” मी लावला. त्यांनी खर्जाची तार छेडली.

म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परत येते, ती गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पोराला पाठ असते. बाहेर जंगल, वाटेवर वाघ आणि कोल्हा टपलेले, आणि ती आत सुखरूप, घरंगळत चाललेली. ती गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं, आत काय ऐकू येत असेल? त्या दिवशी कळलं. आवाज कानात आला नाही, मीच आवाजात गेले. तो गालाच्या हाडातून वर चढला, दातांत उतरला आणि मग आत-बाहेर काही राहिलंच नाही. रस्त्यावरची सायकलची घंटा, खालच्या स्वयंपाकघरातली भांडी, सगळं तसंच चालू होतं, पण ते जंगलातलं होतं. मी भोपळ्यात होते. बाईंनी उठवलं तेव्हा गालावर भोपळ्याच्या नक्षीचा वळ उमटला होता. त्या म्हणाल्या, “झालं आजचं शिकणं. उद्या ये.”

याचं गाव मिरज आणि आजोळ भीमेकाठचं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हे भोपळे होतात. ही जात भाजीची नव्हे. साल जाड, टणक, आकार हंड्याएवढा. ते वाळवायला महिनोन्महिने लागतात. मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ते माळ्यावर टांगलेले दिसतात, धुळीनं माखलेले, अजून कुणाचेच न झालेले. कारागीर भोपळा कापतो, पाण्यात भिजवून नरम करतो, आतला गर खरवडतो, काठ्यांचे टेकू देऊन त्याचं तोंड हवं तितकं रुंद करतो. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची.

हे हात मूळचे शिकलगारांचे. तलवारी आणि भाल्यांना धार लावणारी ही घराणी. इंग्रजी अंमल स्थिरावला, शस्त्रांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं तंतुवाद्यांची दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडवायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ये-जा होतीच. पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या गल्लीत पेढे वाटले गेले असतील तर ते दीडशेहून अधिक वर्षांच्या उशिरानं वाटले गेले, असं मला मनापासून वाटतं.

बाईंबरोबर मी त्या गल्लीत जवारी, म्हणजे तारेतला तो गुंजारव, काढून घ्यायला जायची. गाणाऱ्यांच्या घरात हे काम दर काही महिन्यांनी निघतंच. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. हाडाची किंवा शिंगाची, हल्ली फायबरचीही असते. तिचा माथा वरून सपाट दिसतो, पण नीट पाहिलं तर त्याला अगदी हलका उतार असतो. तार या उतारावर टेकते, आणि थरथरताना तिथंच हळूहळू घासत, सुटत, पुन्हा टेकत जाते. रोजच्या वाजवण्यानं घोडीत तारेची चरी पडते आणि आवाज बसतो. मग गल्लीतले आमचे कारागीर, चाचा, ती घोडी हातात घेतात. कानशीचा एक हात, फुंकर, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानशीचा एक हात. दुपार अशी जाते. चष्मा कपाळावर ठेवून ते हे काम कानानंच करतात. एकदा मी कंटाळून विचारलं, “चाचा, झालं का?” ते हसून म्हणाले, “ताई, तार घोडीवर बसली पाहिजे, पण झोपली नाही पाहिजे. बसवायला वेळ लागतो.”

शेवटी ते साध्या सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा घेतात आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवतात. तार छेडत छेडत दोरा केसाकेसानं पुढे ढकलतात. सुरुवातीला आवाज नुसता टणत्कार असतो, कोरडा. दोरा एका जागी येतो आणि तोच आवाज फुलतो, लांबतो, त्याच्या कडा सोनेरी होतात, गल्लीतला माणूस चालता चालता मान वळवतो. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला आपण नावं ठेवतो. चाचांच्या दुकानात मी तो गाठलेला पाहिला आहे, आणि ते सूत चार आण्याचंही नव्हतं.

त्या सुतामागे काय घडतं याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचं लक्ष गेलं होतं. तार जिथं छेडावी तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर निघू नये, असं जुनं गणित सांगत होतं. वीणा आणि तंबोऱ्याच्या तारा तसं वागत नाहीत, सगळेच उपस्वर भरभरून देतात, आणि याचं कारण ती रुंद वक्र घोडी आहे, हे त्यांनी १९२१ साली मांडलं. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती. विज्ञानाच्या भाषेत जे उपस्वर, ते आपल्या गाणाऱ्यांच्या भाषेत स्वयंभू स्वर. खर्जाच्या तारेतून आधी वरचा षड्ज येतो, मग पंचम, मग आणखी वरचा षड्ज, आणि मग गंधार. गंधाराची तार तंबोऱ्याला नाही. कुणी ती लावलेली नाही. तरी तंबोरा जुळला की तो गंधार खोलीत हजर असतो, आणि त्याच्याइतका खरा गंधार गळ्यातून काढायला उभा जन्म जातो. बाई म्हणायच्या, “तो लावायचा नसतो. तो आला की आपण नीट बसलोय असं समजायचं.”

याचा स्वभाव सांगायचा तर याच्या चालीवरून सांगावा लागेल. तबला विलंबित एकतालात असो की द्रुत तीनतालात, याची चाल वेगळी आणि स्वतःची. ती तालात बसत नाही, बसवायचीही नसते. मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं बाकीच्या तीन तारा. बोटानं तार ओढायची नाही, तिच्यावरून बोट उतरवायचं, जसा झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात काढावा. एक तार विझायच्या आत दुसरी पेटली पाहिजे, म्हणजे तारांच्या मधली फट दिसत नाही. पहिली पाच मिनिटं चार तारा चार ऐकू येतात. मग त्या एकमेकींत मिसळू लागतात. दहाव्या-पंधराव्या मिनिटाला तारा ऐकूच येत नाहीत, एक धूसर, तेवणारं काहीतरी खोलीभर उभं राहतं. त्याला सुरुवात नाही आणि पुढे काय होणार ही उत्सुकताही नाही. ऐकणारा त्यात पुढे जात नाही, खोल जातो. पावसाळ्यात आंबा घाटातून जाताना गाडी ढगात शिरते, बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात आणि काचा खाली करतात. तसं आहे ते.

गाणं म्हणजे वाट असं मानलं तर तंबोरा वाट नाही. तो ज्या रानातून वाट जाते ते रान आहे. म्हणूनच गाणाऱ्याला त्यात हरवता येतं आणि तरी सापडता येतं. स्वतःचं म्हणून त्याला काही सांगायचं नाही, आणि त्याच्याजवळ मोकळी जागा उरते ती त्यामुळेच.

याचं गोत मोठं आहे. गोंधळ्याचं तुणतुणं याचा धाकटा, खेळकर भाऊ. एकतारी ही याची वैरागी बहीण. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती वारकऱ्यांची वीणा. सप्ताहात विणेकरी ती गळ्यात घालून उभा राहतो, आणि सात दिवस ती जमिनीवर टेकत नाही. पहारे बदलतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोन वाजता मंडपात चारच माणसं पेंगत बसलेली असतात, तरी ती वाजत असते. टाळ नाही, मृदंग नाही, फक्त तो एक धरून ठेवलेला आवाज. माझ्या आजोळी अशा एका पहाटे मी आजीच्या मांडीवर जागी झाले होते. थंडी होती, समईची वात मोठी झाली होती आणि विणेकरीबुवा डोळे मिटून उभे होते. लोक येत, विठ्ठलाच्या आधी विणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवत. नमस्कार माणसाला होता की आवाजाला, हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, “दोघं वेगळे कुठं दिसतायत तुला?”

ध्वनिमुद्रणात याची वाट सोपी नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात राग मांडायचा, तान घ्यायची, समेवर यायचं. तंबोऱ्याला पसरायला वेळच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ऐकताना मी खरखरीच्या मागे त्याला शोधते. कधी तो सापडतो, भिंतीपलीकडे कुणी जागं असावं तसा. आणि गंमत अशी, की त्या आवाजातच जवारी आहे. खाँसाहेबांचा षड्ज लागतो तेव्हा तबकडीत न मावलेला तंबोरा त्यांच्या गळ्यातून ऐकू येतो.

रेडिओवर मात्र त्याला जागा मिळाली. आकाशवाणीची ती सकाळची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. प्रागमधून ते मुंबईला आले आणि इथल्या रेडिओवर काम करू लागले. लोक त्या धुनेतलं व्हायोलिन आठवतात. त्या व्हायोलिनच्या खाली तंबोरा आहे. आमच्या घरी बाबा सहाच्या आधी रेडिओ लावायचे, अंधारात ती हिरवट तबकडी उजळायची, आणि अंथरुणातच दिवस सुरू व्हायच्या आधीचा एक वेळ कानात शिरायचा, जो घड्याळात नव्हता. या देशातल्या कितीतरी माणसांनी तंबोरा कधी पाहिला नसेल, पण त्याच्या आवाजात ती वर्षानुवर्षं जागी झाली आहेत.

लाँग प्ले तबकडी आली आणि त्याला वीसेक मिनिटं मिळाली. बाईंकडच्या तबकड्यांवर सुई टेकली की आधी खरखर, मग हा. चार-सहा आवर्तनं. मग आवाज. ती चार-सहा आवर्तनं आम्हा मुलींना पाठ होती, कुठल्या तबकडीची कुठली हे आम्ही गाणं सुरू व्हायच्या आत ओळखायचो. प्रत्येक तबकडीतली खोली वेगळी ऐकू यायची. पुढे हेडफोन आले. रात्री दिवा घालवून कानांवर ते चढवले की दोन तंबोरे दोन कानांशी बसतात, आणि गाणारा आपल्या कपाळाच्या मध्यावर. अकराव्या वर्षी भोपळ्याला कान लावला होता त्याच्या जवळपास जाणारं सुख मला पुन्हा मिळालं ते तिथं.

याच सुखामागे दूरची माणसंही गेली. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्टे यंग, मॅरियन झझीला आणि टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. यंग तर त्याआधीपासूनच एकेक स्वर मिनिटामिनिटांनी धरून ठेवणारं संगीत लिहीत होते. ज्याला ते शोधत होते तो आमच्याकडे भिंतीला टेकून उभा होता. यंग आणि झझीला यांनी १९८२ साली नुसत्या तंबोऱ्यांचं, तासाभराहून मोठं ध्वनिमुद्रण केलं. त्यात गाणारा नाही, ताल नाही, राग मांडलेला नाही. ब्रायन ईनो यांनी १९७८मध्ये विमानतळासाठीचं म्हणून जे संगीत केलं आणि ज्याला ‘अँबियंट’ हे नाव दिलं, ते संगीत आज जगभर लोक डोळे मिटून ऐकतात, त्यावर झोपतात, त्यात काम करतात. त्या संगीताचं आणि याचं नातं मी सख्खं म्हणणार नाही, पण दोघांच्या अंगणात बसणारा माणूस एकच आहे. काहीतरी घडावं म्हणून तो आलेला नसतो, त्याला फक्त आत बसायचं असतं.

पण प्रत्यक्ष मैफलीतला तंबोरा तबकडीत येत नाही. त्याचा आवाज सतरंजीतून येतो, मांडीतून येतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा त्या दिवसांत बाई आम्हाला घेऊन जायच्या. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या स्मरणासाठी १९५३ साली सुरू केलेला तो उत्सव. पहाटेची चारची वेळ, डिसेंबरची थंडी, शाली, कानटोप्या, थर्मासमधली कॉफी. एक कलाकार उठून गेलेले, दुसरे अजून बसायचे. मंडपात बोलणं, खोकला, पायांची हालचाल. आणि मंचावर दोन मुली दोन तंबोरे जुळवू लागतात. पंचम वर, किंचित खाली, पुन्हा वर. एक जोडी जुळते, दुसरी अजून नाही, दोघींमध्ये आवाजाची एक लाट येते, आधी भराभर, मग सावकाश, मग एकदम थांबते. लाट थांबली त्या क्षणी हजारो माणसांचा मंडप गप्प झालेला मी ऐकला आहे. कुणी ‘शांतता राखा’ म्हटलं नव्हतं. कुणी अजून गायलंही नव्हतं.

किशोरी आमोणकर तंबोरे मनासारखे जुळल्याशिवाय गायला सुरुवात करत नसत. श्रोत्यांतले काहीजण चुळबुळत. मला तो वेळ नेहमी मैफलीचाच वाटला. कुमार गंधर्वांच्या तंबोऱ्यांविषयी जुने रसिक आजही त्यांच्या गाण्याइतकंच भरभरून बोलतात. ही माणसं भिंत सारवल्याशिवाय चित्र काढायला बसत नव्हती.

उलट अनुभवही आहे. एका शहरातल्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांना तंबोऱ्यांची भणभण वाटली आणि त्यांनी मागचे माइक बंद करून टाकले. मला मागे बसून कळलं नाही, बोटांखाली तारा बोलतच होत्या. बाई आलापात होत्या. त्या थांबल्या, मागे वळून आमच्याकडे पाहिलं, मग बाजूला वाकून शांतपणे म्हणाल्या, “अहो, आम्हाला उघड्यावर का आणलंत?” त्या गृहस्थांना अर्थ कळला की नाही देव जाणे, पण माइक चालू झाला. बाईंनी तोच षड्ज पुन्हा लावला. तो आधीच्यापेक्षा मोठा नव्हता, घरात आलेला होता.

आता याची जागा पेटीएवढ्या यंत्रानं घेतली आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आणि आज तो मोबाइलमध्ये आहे. माझ्याही आहे. मुंबईच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलीचा पहाटेचा रियाज त्यामुळे होतो, परदेशातल्या मराठी घरात मुलं त्यावर ‘सा’ लावतात, आणि मी त्याचे उपकार मानते. पण त्याची माझ्याकडून काही अपेक्षा नाही. बटण दाबलं की तो जुळलेलाच असतो. खरा तंबोरा रोज उतरतो. पावसाळ्यात तबली ओल धरते आणि जवारी मिटते, मे महिन्यात खुंट्या सैल पडतात आणि गर्रकन फिरतात. रोज पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसून, कान देऊन त्याला उभं करावं लागतं. त्या पंधरा मिनिटांत आपला दिवस बाहेर पायरीवर राहतो. गाण्याची तयारी म्हणून मी ते करायची. आता वाटतं, मिळायचं ते तिथंच मिळत होतं.

१९३७च्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली आणि ते सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. सांगतात की फलाटावर अंथरूण घालायला लावून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, त्यावर दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि देह ठेवला. त्यांना मिरजेत आणलं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, तंबोऱ्यांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, आणि दरवर्षी उरुसात तिथं गाणं होतं. एवढ्या मोठ्या गवयानं शेवटच्या घटकेला काय मागितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अनोळखी फलाट, रात्र, मोजके सोबती. त्यांनी आधी आत जायला जागा मागितली.

बाई ऐंशीच्या पुढे गेल्या तेव्हा त्यांचं गाणं सुटलं. आधी तार षड्ज गेला, मग दम गेला, मग ऐकू येणंही कमी झालं. मी पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीला जायची. चहा झाला की त्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणायच्या, “लाव.” गाऊ का विचारलं तर मान हलवायच्या. नुसता तंबोरा. मी गवसणी काढून, तारा चढवून, त्यांच्या पलंगाला लागून जमिनीवर बसायची, आणि त्या उजवा हात खाली सोडून तळवा भोपळ्यावर ठेवायच्या.

श्रावणातली एक संध्याकाळ होती. पाऊस लागून राहिला होता. मी जुळवून छेडायला लागले, गंधार काही येत नव्हता. ओल असेल म्हणून मी चालू ठेवलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “अलीकडची जोडी उतरलीय.” समोर बोललेलं ज्यांना तीनदा सांगावं लागे, त्यांनी ते तळव्यानं ओळखलं होतं. मी त्या तारेतला, सूर बारीक जुळवायचा मणी केसभर सरकवला. लाट सावकाश झाली आणि थांबली. तळवा भोपळ्यावर आणखी थोडा पसरला. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

बाहेर पाऊस होता, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, खाली कुणीतरी कुकर लावला होता. बाई कुठल्या रानातून चालल्या होत्या ते मला माहीत नाही. भोपळ्यात होत्या, सुखरूप होत्या, एवढं दिसत होतं. त्यांचा श्वास लांब झाला, हात सैल पडला आणि त्यांना झोप लागली हे मला कळलं. तरी मी दोन-तीन आवर्तनं वाजवत राहिले. हात एकदम थांबत नाही.